पेटी विकत, पहारा भाड्याने

‘लायसन्स’ हा शब्द महाराष्ट्रातल्या शहरी माणसाला वाहन परवान्याइतकाच घराच्या भाडेकरारामुळेही परिचित आहे. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारात राहणाऱ्याला घर मिळते असे बोलण्यात येत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याला मिळते ती केवळ वापराची मुभा. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार लायसन्समुळे एरवी बेकायदा ठरली असती अशी गोष्ट दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर करण्याची परवानगी मिळते, पण त्या मालमत्तेत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. कार्यालयाच्या संगणकजाळ्याच्या तोंडाशी बसवलेल्या फायरवॉल नावाच्या पेटीच्या व्यवहारात हाच शब्द आज सर्वाधिक खर्चाचा झाला आहे, आणि तेथे त्याला एक चमत्कारिक पीळ पडला आहे. भाडेकरूचे घर निदान दुसऱ्याचे असते. फायरवॉलच्या बाबतीत घर स्वतः विकत घ्यायचे, त्याची पावती स्वतःच्या नावावर असायची, आणि तरीही त्यात राहण्यासाठी मुदतीमागून मुदत लायसन्स घेत राहायचे, असा हा करार आहे.

फायरवॉल म्हणजे बाहेरचे इंटरनेट आणि आतले खासगी जाळे यांच्यामध्ये बसून प्रत्येक येणारी-जाणारी माहिती नियमांनुसार सोडणारे किंवा अडवणारे यंत्र. आरंभीच्या फायरवॉल फक्त पत्ता पाहत असत, म्हणजे माहितीचे पाकीट कोठून आले, कोठे निघाले आणि कोणत्या दाराने, एवढेच तपासत. इस्रायलच्या चेक पॉइंट या कंपनीने १९९४ साली बाजारात आणलेल्या फायरवॉलने संभाषणाची स्थिती लक्षात ठेवण्याची पद्धत रूढ केली. आतून कोणी विचारणा केली असेल तरच बाहेरचे उत्तर आत घ्यायचे, न विचारता आलेले परत पाठवायचे, असा तो हिशेब होता. या पिढीच्या फायरवॉलला वर्गणीची गरज नव्हती, कारण पत्ते आणि दारे यांचे नियम ग्राहक स्वतः लिहीत असे आणि ते नियम शिळे होत नसत. त्या काळी लायसन्स असले तरी ते माणसे मोजणारे असे. सिस्कोची एएसए ५५०५ ही छोट्या कार्यालयांत सर्रास दिसणारी पेटी आतल्या १० यंत्रांसाठी, ५० यंत्रांसाठी किंवा अमर्याद यंत्रांसाठी, अशा तीन लायसन्सांत मिळत असे, पण एकदा घेतलेली ती संख्या कायमची ग्राहकाची होई.

हा हिशेब बदलला तो फायरवॉलला पाकीट फोडून आतला मजकूर वाचायला शिकवल्यानंतर. विषाणू ओळखणे, घुसखोरीचे प्रयत्न हेरणे, संकेतस्थळांची वर्गवारी करून जुगाराची किंवा फसवणुकीची पाने अडवणे ही कामे एकाच पेटीत आणणाऱ्या यंत्रांना ‘युनिफाइड थ्रेट मॅनेजमेंट’, अर्थात यूटीएम, हे नाव बाजार-संशोधन करणाऱ्या आयडीसी या संस्थेने २००४ च्या सुमारास दिले, आणि आजही अनेक कोटेशनांत फायरवॉलचा उल्लेख ‘यूटीएम बॉक्स’ असाच असतो. या कामांना ‘सिग्नेचर’ लागतात. सिग्नेचर म्हणजे हल्ल्याची ओळखखूण, पोलिस ठाण्याच्या फलकावर लावलेल्या फरार आरोपीच्या वर्णनासारखी. नवे हल्ले रोज जन्माला येत असल्याने हा फलक रोज बदलावा लागतो आणि तो बदलणारी माणसे कंपनीच्या पगारावर असतात; वर्गणीचे मूळ समर्थन हे, आणि ते खोटे नाही. ताज्या ओळखखुणेची किंमत किती असते हे स्नॉर्ट या मुक्त स्रोत प्रणालीच्या नियमावलीवरून स्वच्छ दिसते: पैसे भरणाऱ्या वर्गणीदाराला नवा नियम तत्काळ मिळतो, केवळ नावनोंदणी करणाऱ्याला तोच नियम फुकट पण ३० दिवसांनी मिळतो. दोघांच्या हाती अखेर एकच मजकूर पडतो. पैसे मोजले जातात ते मधल्या ३० दिवसांसाठी.

‘क्लाउड-मॅनेज्ड’ फायरवॉल ही या वाटेवरची पुढची पायरी होय. येथे पेटी कार्यालयातच असते, परंतु तिचे नियम लिहिण्याची, तिची स्थिती पाहण्याची आणि तिला नवे सॉफ्टवेअर देण्याची जागा कंपनीच्या दूरस्थ सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडमध्ये, असते आणि ती ब्राउझरमधून उघडता येते. या पद्धतीचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे मेराकी. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत छपरांवर बिनतारी यंत्रे बसवून परिसराला इंटरनेट पुरवणारा ‘रूफनेट’ नावाचा संशोधन प्रकल्प चालला होता. त्यातून संजित बिस्वास आणि जॉन बिकेट यांनी २००६ साली ही कंपनी काढली आणि २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये सिस्कोने ती १२० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. एका छपरावरून दुसऱ्या छपरावर जाऊन यंत्र दुरुस्त करणे टाळण्याची निकड ज्या प्रकल्पात रोजचीच होती, त्यातून दूरस्थ व्यवस्थापनाचा धंदा उभा राहावा हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

या व्यवस्थेचा खरा लाभ एकाच कार्यालयाला फारसा नाही. तो अनेक शाखा असलेल्या संस्थेला आहे. महाराष्ट्र हे नागरी सहकारी बँकांचे सर्वांत मोठे राज्य आहे आणि रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या डिसेंबरअखेर या बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार स्तरांची चौकट घालून दिली आहे. अशा एखाद्या बँकेच्या तालुक्याच्या गावातल्या शाखेत नवी पेटी बसवायची असेल, तर जुन्या पद्धतीत जाणकार अभियंत्याला लॅपटॉप घेऊन तेथवर जावे लागे. क्लाउड पद्धतीत मुख्य कार्यालयात बसून पेटीचा अनुक्रमांक नोंदवायचा, नियम आधीच लिहून ठेवायचे, आणि पेटी कुरिअरने पाठवायची, एवढे पुरते. शाखेतला शिपाई तिला वीज आणि इंटरनेटची वायर जोडतो, ती क्लाउडकडे जाऊन आपले नियम स्वतः उतरवून घेते.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो, तो हा की क्लाउड-मॅनेज्ड म्हटल्यावर कार्यालयाची सारी माहिती कंपनीच्या सर्व्हरमधून फिरून जाते. तसे नसते. ग्राहकाची माहिती पेटीतून थेट आपल्या मार्गाने जाते. क्लाउडकडे जातो तो फक्त नियमांचा, नोंदींचा आणि आकडेवारीचा बारीक ओघ. त्यामुळे क्लाउडशी संपर्क तुटला तरी पेटी शेवटच्या ज्ञात नियमांवर काम चालू ठेवते, फक्त तेवढा वेळ कोणाला नियम बदलता येत नाहीत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मेराकीच्या उत्तर अमेरिकेतील साठवण-यंत्रणेवर चुकीचे धोरण लागू झाल्याने ग्राहकांनी चढवलेले इमारतींचे नकाशे, बोधचिन्हे यांसारखा काही मजकूर पुसला गेला, पण जाळी बंद पडली नाहीत. क्लाउड कोसळल्याने पेटी थांबत नाही. मात्र लायसन्स संपल्याने ती थांबू शकते, आणि खरेदीदाराची गफलत नेमकी येथे होते.

मुदत संपल्यानंतरच्या वर्तनावरून या बाजाराचे दोन पंथ पडतात, आणि कोणत्याही कोटेशनात किमतीच्या आधी हा पंथ विचारला गेला पाहिजे. फोर्टिनेट, सोफोस यांसारख्या कंपन्यांच्या पेट्यांत वर्गणी संपली तरी मूळची अडवण्या-सोडण्याची नियमावली आणि शाखांना जोडणारे खासगी बोगदे चालू राहतात. थांबतात त्या ताज्या ओळखखुणा, संकेतस्थळांची वर्गवारी, कंपनीची मदत. पहारेकरी दारावर उभाच असतो, परंतु त्याच्या हातातला फरार आरोपींचा फलक त्या दिवसापासून जुना होऊ लागतो. हे वरकरणी दिलासादायक वाटते, पण त्यात आपला असा एक धोका आहे; इंटरनेट चालू असल्याने वर्गणी संपल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही आणि संस्था वर्ष-वर्ष निर्धास्त राहते. फायरवॉलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही भगदाडे सापडतात. २०२० च्या एप्रिलमध्ये सोफोसच्या एक्सजी फायरवॉलमधील अशाच एका उणिवेवर प्रत्यक्ष हल्ले झाले आणि कंपनीला घाईने ठिगळ पाठवावे लागले. ठिगळ स्वीकारण्याची वाटच जिथे बंद आहे तिथे पहारेकऱ्याच्या खोलीतूनच चोर शिरतो.

मेराकीचा पंथ दुसरा. तेथे लायसन्स हे पेटीच्या श्वासासारखे आहे: मुदत संपली की ३० दिवसांची सवलत मिळते, आणि तीही उलटली की डॅशबोर्ड, म्हणजे ब्राउझरमधून उघडणारी नियंत्रणाची जागा, बंद होतो व पेटी माहिती पुढे सोडणेच थांबवते. हजारो रुपयांचे, वीज आणि वायर जोडलेले, कसलाही बिघाड नसलेले यंत्र त्या दिवशी टेबलावरच्या कागदांवर ठेवण्याच्या वजनाइतके उपयोगी उरते. या पद्धतीची बाजू घेणारे म्हणतात की शिळ्या ओळखखुणांवर चालणारी फायरवॉल खोटा भरवसा देते, त्यापेक्षा बंद पडलेली बरी. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते विक्रेत्याच्या सोयीचे तथ्य आहे, हेही नोंदवले पाहिजे. रुग्णालयाचे जाळे शिळ्या सिग्नेचरवर चालावे की चालूच नये, हा निर्णय रुग्णालयाचा असायला हवा.

याच कंपनीची ‘को-टर्मिनेशन’ ही मूळ लायसन्स-पद्धत म्हणजे सरासरीचा एक मजेदार खेळ आहे. तिच्यात एका संस्थेच्या सगळ्या यंत्रांची मुदत एकाच तारखेला संपते, आणि नवे लायसन्स घातले की ती तारीख नव्याने काढली जाते. समजा, एका संस्थेकडे एकाच प्रकारच्या ९ पेट्या आहेत, त्या प्रत्येकीचे एक वर्ष शिल्लक आहे, आणि तिने दहावी पेटी तीन वर्षांच्या लायसन्ससह घेतली. जुन्यांची ९ पेटी-वर्षे आणि नवीची ३, मिळून १२. ती १० पेट्यांत वाटली की प्रत्येकीच्या वाट्याला १.२ वर्षे, म्हणजे ४३८ दिवस येतात. तीन वर्षांसाठी पैसे भरलेली नवी पेटी अशा रीतीने सव्वा वर्षाच्या आतच नूतनीकरणाच्या दारात उभी राहते. यात फसवणूक नाही, कारण नवीचे गेलेले ६५७ दिवस हे बाकीच्या ९ पेट्यांना मिळालेल्या प्रत्येकी ७३ दिवसांची नेमकी बेरीज आहे. एकत्र कुटुंबातल्या कमावत्या धाकट्याने सर्वांचा किराणा भरावा तसा हा प्रकार. मात्र पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तीन वर्षे खर्च नाही असे लिहून मोकळा झालेला लेखापाल या तारखेने हबकतो. पुढे कंपनीने प्रत्येक पेटीचे लायसन्स वेगळे मोजण्याची आणि वर्गणीच्या धर्तीची, अशा आणखी पद्धती आणल्या, परंतु जुन्या ग्राहकांना आजही ही सरासरी भेटते.

जोडपेटीचा प्रश्नही असाच. एक पेटी बिघडली तर दुसरीने तत्काळ काम हाती घ्यावे म्हणून ज्या संस्था दोन पेट्या घेतात, त्यांना मेराकीत राखीव पेटीसाठी वेगळे लायसन्स लागत नाही. फोर्टिनेटमध्ये मात्र दोन्ही पेट्यांची वर्गणी सारखी भरावी लागते. एका पेटीच्या कोटेशनांची तुलना करून निवडलेली कंपनी जोडीच्या तुलनेत त्यामुळे महाग ठरू शकते.

किती मोठी पेटी घ्यावी याचे उत्तर माहितीपत्रकात असते, पण ते कोणत्या ओळीत वाचावे हे ठाऊक असावे लागते. फोर्टिनेटच्या फोर्टिगेट ६०एफ या लहान कार्यालयांत लोकप्रिय झालेल्या पेटीच्या पत्रकात फायरवॉलचा वेग सेकंदाला १० गिगाबिट असा दिलेला आहे, तर त्याच पत्रकात विषाणू-तपासणीसह सर्व सुरक्षा चालू असतानाचा वेग ७०० मेगाबिट आहे, म्हणजे पहिल्याच्या चौदाव्या भागाच्या आसपास. पहिला आकडा फक्त पाकिटावरचा पत्ता वाचण्याचा, दुसरा पाकीट फोडून वाचण्याचा. आज बहुतेक संकेतस्थळांची वाहतूक कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असते आणि ती उघडून तपासायची तर वेग आणखी घटतो. वर्गणी मोजायची ती दुसऱ्या आकड्यासाठी आणि पेटी निवडायची पहिल्यावरून, ही चूक टेंडरांमध्ये इतकी सर्रास आढळते की तिला आता चूक म्हणणेही कठीण झाले आहे.

किमतीकडे वळले की छापील दर, म्हणजे लिस्ट प्राइस, ही बाब जवळजवळ शोभेपुरतीच असल्याचे ध्यानात येते. प्रत्यक्ष व्यवहार सवलतीवर होतो, आणि सवलत कोणाला किती हे ‘डील रजिस्ट्रेशन’ ठरवते. जो डीलर ग्राहकाच्या गरजेची नोंद कंपनीकडे सर्वप्रथम करतो त्याला त्या सौद्यापुरती वाढीव सवलत मिळते. मागाहून आलेल्या डीलरांना ती मिळत नाही. परिणामी तीन कोटेशने मागवण्याचा आपल्याकडचा पवित्र नियम पाळला, तरी एकाच कंपनीच्या एकाच पेटीची ती तीन कोटेशने म्हणजे खरी स्पर्धा नसते. निकाल पहिल्या फोनलाच लागलेला असतो. खरी स्पर्धा घडवायची तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या पेट्या समोरासमोर ठेवाव्या लागतात, आणि तीही पहिल्या खरेदीच्याच वेळी, कारण नूतनीकरणाला ग्राहक बांधला गेलेला असतो. म्हणूनच कोटेशनात पहिल्या तीन वर्षांबरोबर चौथ्या, पाचव्या वर्षाचा दरही लेखी मागणारी संस्था फायद्यात राहते. मुदत उलटून काही महिन्यांनी जागे झालेल्याला काही कंपन्या मधल्या रिकाम्या महिन्यांचेही पैसे लावतात, म्हणजे न मिळालेल्या पहाऱ्याचीही बाकी भरावी लागते.

यात डॉलर भर घालतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांचे मूळ दर डॉलरमध्ये ठरतात. २०१४ च्या अखेरीस डॉलर सुमारे ६३ रुपयांना होता, २०२४ च्या अखेरीस तो सुमारे ८५ रुपयांवर गेला. दर तसूभरही वाढला नाही असे धरले, तरी १,००० डॉलरच्या नूतनीकरणाचे ६३,००० रुपये दहा वर्षांत ८५,००० झाले. त्यावर आज १८ टक्के जीएसटी लागून रक्कम १,००,३०० होते. नोंदणीकृत व्यापाऱ्याला हा कर आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेता येतो. शाळा आणि रुग्णालये यांच्या मूळ सेवा करमुक्त असल्याने त्यांना ती सोय नाही आणि त्यांच्यासाठी हा कर निव्वळ खर्च ठरतो. करमाफीचा असा उलटा फटका ज्यांना बसतो, त्याच संस्था एकरकमी खर्चासाठी देणग्या मिळवू शकतात पण दरवर्षीच्या वर्गणीसाठी नाही. दात्याच्या नावाची पाटी पेटीवर लावता येते, नूतनीकरणावर ती कोठे लावणार?

नोंदींचा, म्हणजे लॉगचा, खर्च भारतात स्वतंत्रपणे मोजावा लागतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणक-यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतीय अधिकारक्षेत्रात जपणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. दुसरीकडे फोर्टिनेटच्या क्लाउड सेवेच्या मोफत प्रकारात लॉग ७ दिवस राहतात आणि वर्षभराच्या साठवणीसाठी वेगळी वर्गणी पडते. ७ आणि १८० यांच्यामधली ही दरी कोटेशनाच्या मुख्य ओळीत दिसत नाही. ती भरून काढण्यासाठी एकतर ही जादा वर्गणी घ्यावी लागते किंवा कार्यालयातच एक साधा सर्व्हर ठेवून पेटीचे लॉग त्यावर उतरवावे लागतात. हा दुसरा मार्ग स्वस्त आहे, फक्त तो सर्व्हर भरला की नाही हे पाहणारा माणूस हवा.

वर्गणीविना चालणाऱ्या पेट्याही आहेत. युबिक्विटी कंपनीच्या युनिफाय मालिकेत क्लाउडवरून व्यवस्थापन लायसन्सशिवाय मिळते, वाढीव सुरक्षेची वर्गणी ऐच्छिक आहे. पीएफसेन्स आणि त्यातून फुटून २०१५ साली प्रसिद्ध झालेले ओपीएनसेन्स ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअरे साध्या संगणकालाही फायरवॉल बनवतात. यांची किंमत शून्य नसते. ती लायसन्सच्या रकान्यातून पगाराच्या रकान्यात जाते. ज्या संस्थेकडे जाणकार माणूस आहे आणि तो टिकणार आहे तिला हा मार्ग उत्तम, परंतु तो माणूस नोकरी सोडून गेला की त्याने लिहिलेले नियम वाचणारेही कोणी उरत नाही, आणि अशा फायरवॉलला हात लावण्याचे धाडस पुढे वर्षानुवर्षे कोणी करत नाही. वर्गणीची पेटी निदान नूतनीकरणाच्या निमित्ताने वर्षातून एकदा कोणीतरी उघडून पाहते.

पेटीच्या खऱ्या आणि नावापुरत्या मालकीतला भेद जुन्या मालाच्या बाजारात सर्वांत उघडा पडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कार्यालयांनी काढून टाकलेल्या पेट्या येतात तेव्हा त्यांची किंमत आतल्या भागांवर ठरत नाही. सोफोसच्या जुन्या पेट्यांपैकी ज्यांच्यात सामान्य संगणकाचाच प्रोसेसर असतो, त्यांवर हौशी तंत्रज्ञ ओपीएनसेन्स चढवतात आणि ती पेटी एखाद्या छोट्या कार्यालयात आणखी काही वर्षे काढते. शेजारीच ठेवलेली, तितकीच धडधाकट मेराकीची पेटी मात्र आधीच्या मालकाने आपल्या डॅशबोर्डवरून तिचा अनुक्रमांक काढून टाकल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या नावावर चढत नाही, आणि तो काढला तरी नवे लायसन्स घेतल्याशिवाय चालत नाही. तो आधीचा मालक ठाऊक नसेल, तर तिला वायर जोडून तिचा दिवा लावता येतो, एवढेच.